वाट पाहण्याचे चार रविवार

डिसेंबर लागला की दुकानांत लाल टोप्या, चांदण्या आणि प्लास्टिकची झाडं झळकू लागतात. बाजाराचा नाताळ तेव्हाच सुरू होतो. चर्चमध्ये मात्र अजून आगमनकाळ असतो. फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे आनंदाचं स्तुतिगीत गात नाहीत, आणि वेदीजवळच्या हिरव्या पानांच्या चक्रात पहिल्या रविवारी चारपैकी एकच मेणबत्ती पेटते.

वसईत आमच्या गावी मी मुलांना धर्मशिक्षण देते. “टीचर, बाकीच्या तीन आजच का नाही लावायच्या?” असं कुणीतरी विचारतंच. मला हा प्रश्न फार आवडतो. आगमनकाळ समजून घ्यायचा तर त्या न पेटलेल्या मेणबत्त्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे हा काळ. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. १६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थनांचा भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो; १७ तारखेपासून त्या बेथलेहेमकडे वळतात. म्हणजे आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचा वाढदिवस तर साजरा करतोच, पण जगात न्याय अजून पुरता यायचा आहे, हेही कबूल करतो.

या मेणबत्त्यांची प्रथा अनाथ आणि गरीब मुलांमुळे सुरू झाली. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न हे प्रोटेस्टंट पाळक अशा मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं सारखी विचारायची. म्हणून १८३९ मध्ये विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटायची. ज्यांच्याकडे काहीच नसतं, तेच मनापासून वाट पाहतात, हे त्या चाकाकडे पाहून कळतं.

ही प्रतीक्षा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. त्यातल्या सुमारे ११ हजार ओव्यांपैकी ४ हजारांहून अधिक पहिल्या पुराणात आहेत, आणि त्यात येशूचा जन्म अजून व्हायचाच आहे. आधी माणसाचं पतन, मग देवाचं वचन, मग पिढ्यान् पिढ्यांची आस. बाळ येतं ते दुसऱ्या पुराणात.

आमच्या वर्गात या दिवसांत रिकामी गव्हाणी ठेवलेली असते. मुलानं एखादं चांगलं काम केलं की त्यानं भाताच्या पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, बाळाला मऊ अंथरूण व्हावं म्हणून. कुणी कामं मोजत नाही, कुणाचं नाव लिहीत नाही. एकदा एका मुलानं आपला स्वेटर वीटभट्टीवरच्या मुलाला दिला आणि घरी न सांगता काडी टाकली. त्याच्या आईकडून मला ते नंतर कळलं. आगमनकाळ म्हणजे काय, ते त्या मुलाला नेमकं समजलं होतं.

नाताळची गोष्ट तशी गोड नाहीच. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा मिळत नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवतात, आणि बातमी सर्वांत आधी कळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. २५ डिसेंबर उलटून तीनच दिवस होतात, तोच २८ तारखेला चर्च हेरोद राजानं मारलेल्या बालकांचं स्मरण करतं. हेरोदाच्या तावडीतून वाचवायला मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला निघून गेले होते. आमचा देव जगात आला तो बेघर होऊन आणि लगेच निर्वासित झाला.

म्हणून मी मुलांना सांगते: केक कापा, गोठे सजवा, मध्यरात्रीच्या मिस्सेला नवे कपडे घाला. पण आपल्या आळीत कुणाला अजून जागा मिळालेली नाही, ते आधी पाहून या. त्याला जागा करून देणं हीच नाताळची तयारी.