उताराचे पांघरूण

कोकणात आणि सह्याद्रीच्या परिसरात पुष्कळ घरे डोंगराच्या कुशीत वसलेली असतात. घरापुढे सारवलेले अंगण, अंगणात तुळशीवृंदावन आणि परसाच्या मागे उभी चढण, असे दृश्य तेथे नेहमी आढळते. या चढणीवर आंबा-फणसाची दाट सावली असते. ऊन न मिळाल्यामुळे तेथे गवत रुजत नाही. ही ओसाड जागा निरुपयोगी समजून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पावसाळा सुरू झाला, की तांबडे पाणी खळखळत खाली येते. त्या पाण्याबरोबर चढणीवरील सुपीक माती निघून जाते. अशा मातीचा बोटभर थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

वर झाडे असताना माती वाहून का जावी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पावसाचे मोठे थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतात. त्या आघाताने मातीचे कण सुटे होतात. झाडाच्या पानांवर बारीक थेंब एकत्र येतात व त्यांचे टपोरे थेंब बनतात. झाड उंच असेल, तर खाली पडताना या थेंबांना पुन्हा वेग येतो. म्हणून झाडाखालची जमीन उघडी असेल, तर केवळ वरच्या छत्राने तिचे रक्षण होत नाही. मातीला लगटून वाढणाऱ्या पानांचे पांघरूणच तिला हवे असते.

हे पांघरूण निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. वनस्पती सावलीत तग धरणारी असावी. ती पसरत जाऊन पेरापेराला मुळे सोडणारी किंवा जमिनीत कंदांचे जाळे विणणारी असावी. आणि ती वर्षानुवर्षे टिकणारी असावी. हरळी माती घट्ट धरते, परंतु तिला भरपूर ऊन लागते. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात, पण तोही दाट सावलीत नीट वाढत नाही. म्हणून या दोन्ही वनस्पती उन्हातील उतारांसाठीच योग्य होत.

सावलीतील उतारासाठी वेगळे सोबती शोधावे लागतात. दमट दरडींवर नेचे आपोआप उगवतात; त्यांची तंतुमय मुळे वरची माती बांधून ठेवतात. मंडूकपर्णी ही गोलसर पानांची वनस्पती ओलाव्याच्या जागी जमिनीवर सरपटत जाते. मिरवेल आधारावर चढतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच्या बुडाशी फुटणारे धुमारे जमिनीवरही पसरतात आणि पेरांपाशी रुजतात. ओलसर पायथ्याला सोनटक्का लावला, तर त्याचे कंद माती धरतात आणि सुगंधी शुभ्र फुलेही मिळतात. मात्र घाणेरीला तेथे थारा देऊ नये. शोभेसाठी अमेरिका खंडातून आणलेली ही वनस्पती इतर झाडोऱ्याला हटवून रानोमाळ पसरली आहे.

लागवडीची वेळ व रीत यांनाही महत्त्व आहे. पहिल्या सरींनी माती भिजली, की रोपे लावावीत. सगळा उतार एकाच वेळी खणू नये. रोपापुरता खड्डा पुरेसा असतो. ओळी उताराला आडव्या असाव्यात, आणि वरच्या ओळीतील दोन रोपांमधील जागेच्या खाली पुढच्या ओळीतील रोप यावे. त्यामुळे वाहत्या पाण्याला सरळ वाट सापडत नाही. रोपे पसरेपर्यंत मधल्या जागेत पाचोळा अंथरावा. तण उपटताना कुदळ न वापरता हातच वापरावा.

या उपायालाही मर्यादा आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. अशी खोलवरची घसरण लहान वनस्पतींना थोपवता येत नाही. उताराला भेगा पडल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ती धोक्याची सूचना समजून तेथून दूर जावे व गावातील जाणत्यांना कळवावे.

परंतु दर पावसाळ्यात गुपचूप वाहून जाणारी माती वाचवणे प्रत्येक घराला शक्य आहे. नेच्याचे एक रोप मूठभर मातीच धरून ठेवते. अशी शेकडो रोपे एकमेकांत मुळे गुंफतात, तेव्हा सारी चढण स्थिर होते आणि ओढ्याचे पाणी पुन्हा निर्मळ वाहू लागते.