उघड्यावरचा पडदा



मी मूळचा रायगड किनाऱ्यावरचा. आमच्या तिकडे ऊस म्हणजे रसवंती आणि तुळशीचे लग्न, त्यापलीकडे फारसा नाही. शेती भाताची. भात कापले की ओलीवर वाल, आणि वाल निघाले की खाचरे रिकामी. त्या रिकाम्या खाचरात उन्हाळ्यात सिनेमा यायचा. दोन बांबू रोवून पांढरे कापड ताणले की झाले थिएटर! शाळेला सुट्टी, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, आभाळ कोरडे. मृगाचा पाऊस लागला की पडदा गुंडाळायचा. समुद्राकडून वारा आला की कापड शिडासारखे फुगे आणि नायकाचे नाक वीतभर लांब होई. गर्दी जास्त झाली की माणसे पडद्यामागे बसत. तिकडूनही चित्र तेच, फक्त अक्षरे उलटी आणि नायक डावखुरा.

इकडे देशावर हीच गंमत जत्रेतल्या तंबूत असे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले टूरिंग टॉकीज पुष्कळांनी पाहिले असेल. पुढे टीव्ही, व्हिडिओ आले, फिल्मची रिळे बंद होऊन सगळे डिजिटल झाले आणि तंबू उठले. त्यांच्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला.

करमणुकीपुरते हे ठीक. पण माझ्या खात्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १९७६ साली श्याम बेनेगलांनी ‘मंथन’ काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. विषय गुजरातच्या दूध सोसायट्यांचा. पैसा कोणा शेठजीचा नव्हे. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. मग आपला सिनेमा बघायला ही माणसे ट्रक भरभरून शहरात गेली. एवढ्यावर डॉ. कुरियन थांबले नाहीत. सोळा मिलिमीटरच्या लहान प्रती काढून त्यांनी तो गावोगाव दाखवला आणि सोबत जनावरांचा डॉक्टर, दूध तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार असे लोक पाठवले. सिनेमा संपला की समोर बसलेल्यांशी बोलायला माणूस हजर! २०२४ साली हाच चित्रपट दुरुस्त होऊन पुन्हा कानला दाखवला गेला.

आता आपल्याकडचे बघा. मी गटात बैठक लावतो तेव्हा वीस-पंचवीस पुरुष येतात, त्यात निम्मे चहाला. बायका अपवादानेच. बेणे निवडणे, खुरपणी, खत टाकणे हे बरेचसे काम त्यांच्या हातचे. पण शेअर मालकाच्या नावावर म्हणून निरोप मालकाला, आणि मालक घरी जाऊन काय सांगतो ते देव जाणे. देवळापुढे पडदा लागला तर मात्र आवतण न देता सगळे घर येते.

म्हणून माझा आग्रह आहे की येत्या मे अखेरीस गटागटात असा खेळ लावावा. वेळ मुद्दाम तीच. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात. एक मादी साठाच्या आसपास अंडी घालते. पुढे त्या अळ्या मुळ्या कुरतडतात आणि ऊस पिवळा पडून ओढला की हातात येतो. तेव्हा औषध ओतून फार पदरात पडत नाही. भुंगेरे मारायचे तर सगळ्या शिवाराने एकाच वेळी. एकट्याने मारून काय होणार? शेजारच्या बांधावरचे येतातच.

साडेसातला फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, साडेआठला पडदा. पुढच्या पाच मिनिटांत हुमणीची माहिती, मग सिनेमा. उजेडावर उरलेले भुंगेरे येणारच, तेव्हा बाजूला एक बल्ब आणि खाली घमेले ठेवावे. ‘मंथन’ दोन तास चौदा मिनिटांचा आहे. चित्रपट जाहीर दाखवायला मालकांची रीतसर परवानगी लागते, ती कारखान्यामार्फत मागता येईल. तयार असलेल्या गावांनी पंधरा एप्रिलपर्यंत गट ऑफिसात नाव द्यावे. जागा पाण्याचा निचरा होणारी बघावी, आणि झाड शक्यतो कडुलिंबाचेच जवळ असावे.