शुद्धाशुद्ध आणि सौजन्य

वाराणसीच्या अमृतराव घाटावर मराठी यात्रेकरूला आपलेपणा वाटतो. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी उत्तरायुष्यात काशीवास पत्करला. १८२४ साली त्यांचे तेथेच निधन झाले. घाटाशी त्यांच्या अन्नछत्राची आठवण निगडित आहे. परंतु मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते अमृतरावांहूनही जुने आहे. ते विद्येचे, विशेषतः व्याकरणाचे नाते होय.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी काशीत भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली. पुढे ‘प्रौढमनोरमा’ या ग्रंथात त्यांनी आपले गुरू शेषकृष्ण यांच्या मतांचे खंडन केले. शेष घराण्याच्या शिष्यपरंपरेतील जगन्नाथ पंडितांना हे रुचले नाही. त्यांनी उत्तरादाखल लिहिलेल्या ग्रंथाला ‘मनोरमाकुचमर्दन’ असे ग्राम्य नाव दिले आणि भट्टोजींना गुरुद्रोही ठरवले. मुद्दे व्याकरणाचे होते, भाषा मात्र भांडणाची होती.

याच परंपरेत काशीचे महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे झाले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन त्यांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त आढळते. ‘लघुशब्दरत्न’ ही ‘प्रौढमनोरमे’वरील टीका मात्र त्यांनी आपले गुरू हरि दीक्षित यांच्या नावे लिहिली, असे परंपरा सांगते. स्वतःचे नाव झाकणे हे नेहमीच भ्याडपणाचे लक्षण नसते. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरि देशमुखांनीही १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शतपत्रे लिहिली. नावाच्या आडून आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

न्यायशास्त्राने याची कसोटी फार पूर्वी घालून दिली आहे. सत्यासाठी केलेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणे ती वितंडा. आपल्या बोलीतला ‘वितंडवाद’ हा शब्द तेथूनच आला. काशीत नागपंचमीला नागकूपावर होणाऱ्या शास्त्रार्थात पंडित समोरासमोर येतात. तेथे बोलणाऱ्याला आपला पक्ष सांगावाच लागतो. निनावी टीकाकाराला हे बंधन नसते. त्यामुळे मूळ मुद्दा सोडून ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवणे त्याला सोपे जाते.

असे करण्यास निनावीच असावे लागते असेही नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा केली. शास्त्रीबोवांचे भाषाप्रभुत्व वादातीत होते. पण त्या थट्टेने फुल्यांच्या प्रश्नांचे उत्तर मिळाले नाही. ते प्रश्न पुढच्या पिढ्यांपुढेही उभेच राहिले.

शुद्धलेखनाचे महत्त्व आम्ही बँकेतील मंडळी नाकारणार नाही. धनादेशावरील अक्षरी रकमेत किंवा वारसाच्या नावात झालेली एक चूक महागात पडू शकते, आणि ती दाखवून देणे हे आमचे कर्तव्यच आहे. मात्र तक्रारपुस्तिकेत एखादा खातेदार मोडक्यातोडक्या वाक्यांत आपली अडचण लिहितो, तेव्हा वाचायची असते ती अडचण. त्याच्या वेलांटीला हसणाऱ्या खिडकीपाशी तो पुन्हा लेखणी उचलणार नाही. त्याची तक्रार मनातच राहील आणि आपली सेवा सुधारण्याची एक संधी आपण गमावून बसू.

चूक अवश्य सुधारावी. पण आधी म्हणणे समजून घ्यावे, त्याचे उत्तर द्यावे, आणि शक्य तेथे त्याखाली आपली सही करावी.