बरगीचं पाणी आणि क्लाउडवरची मेमरी

जबलपूरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर नर्मदेला बरगी धरणाने अडवलं आहे. धरणाचा जलाशय मंडल्याच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटर लांब पसरतो आणि त्याचं क्षेत्रफळ २६७ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात यातलं पाणी किती मागे सरतं आणि पावसाळ्यानंतर किती चढतं, हे आता उपग्रहाच्या चित्रांवरून कुणालाही मोजता येतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी साधारण पाच दिवसांनी एकाच जागेवरून जाते आणि त्यांची चित्रं सगळ्यांना मोफत मिळतात.

जबलपूरमध्ये असं काम करू शकतील अशी मुलंमुली भरपूर आहेत. १९४७ पासूनचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १९६४ मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ, २००५ ची ट्रिपल आयटी असं हे शिक्षणाचं गाव. पण हातातल्या साध्या लॅपटॉपला ही चित्रं पुष्कळदा झेपत नाहीत. म्हणून मग क्लाउड: दूरच्या डेटा सेंटरमधला संगणक काही तासांपुरता घ्यायचा आणि ब्राउझरमधून चालवायचा. या वापराला सेशन म्हणतात. सेशन सुरू होण्याआधी पडद्यावर काही पर्याय येतात. प्रोसेसर किती, मेमरी किती, समांतर आकडेमोडीचा वेगळा प्रोसेसर म्हणजे जीपीयू हवा का, मशीन कुठल्या भागातलं? बहुतेक जण जे आधीच निवडलेलं असेल तेच ठेवून पुढे जातात, नाहीतर दिसेल ते सर्वांत मोठं मशीन घेतात. खरं तर पाच मिनिटं कागद-पेन्सिल घेतली, तर उत्तर आपोआप निघतं.

बरगीचंच उदाहरण घेऊ. सेंटिनेल-२ च्या एका चौकटीत उभे-आडवे १०,९८० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका जमिनीवरच्या दहा बाय दहा मीटर तुकड्याचा. गुणाकार केला तर एका रंगपट्ट्यात बारा कोटींहून जास्त ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एक पट्टा २४१ एमबीचा. पाणी ओळखायला दोनच पट्टे लागतात: हिरवा आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड. पाणी निअर-इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे हिरव्यातून तो वजा करून दोघांच्या बेरजेने भागलं की पाण्याचे ठिपके बहुधा शून्याच्या वर उठतात. दोन पट्टे म्हणजे पाचशे एमबीसुद्धा नाहीत. चार जीबीचं मशीन भरपूर झालं, असं वाटणं साहजिक आहे.

इथेच गणित फसतं. भागाकारासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे आकडे सहसा दशांश रूपात नेतात आणि एरवी तिथे प्रत्येक आकडा आठ बाइट घेतो. २४१ एमबीचा पट्टा एका ओळीत ९६५ एमबीचा होतो. दोन पट्टे, त्यांची वजाबाकी, बेरीज आणि उत्तर यांतलं बरंचसं एकाच वेळी मेमरीत असतं, म्हणजे चार ते पाच जीबी. चार जीबीचं सेशन तिथल्या तिथे कोसळतं. डिस्कवर साठवलेलं बहुधा वाचतं, पण तासाभरात मेमरीत उभं केलेलं सगळं जातं. शिवाय चालू सेशनची मेमरी बहुतेक सेवांमध्ये वाढवता येत नाही. ते बंद करून नवं मशीन घ्यावं लागतं. गूगल कोलॅबमध्ये मशीनचा प्रकार बदलला तरी असंच होतं, जुनं मशीन सुटतं आणि नव्यावर पहिल्यापासून सुरुवात.

यावर मोठं मशीन हा एक उपाय झाला. त्याहून चांगले दोन आहेत. आकडे आठऐवजी चार बाइटांत ठेवले की गरज निम्म्यावर येते, आणि पाणी मोजण्यासाठी तेवढी अचूकता पुरते. दुसरा उपाय कात्रीचा. सगळी चौकट बारा हजार चौरस किलोमीटरची आणि बरगीचं पाणी तिच्या तुलनेत जेमतेम सव्वादोन टक्के. जलाशयाभोवतीचा भाग आधीच कापून घेतला, तर लहान मशीनवरही काम आरामात होतं. जीपीयूची तर इथे गरजच नाही, कारण पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत लिहिलेला साधा हिशेब जीपीयूकडे जातच नाही. महागडं यंत्र घेतलं तरी ते नुसतं बसून राहतं.

मशीनच्या ठिकाणाचा प्रश्न मात्र फार लोक चुकवतात. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं आणि मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात आहे. जबलपूरच्या माणसाला तीच जवळची वाटतात. पण ॲमेझॉनवर सेंटिनेल-२ चा मोफत साठा कापायला सोयीच्या फाइलींच्या रूपात अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या केंद्रात ठेवलेला आहे. मशीन मुंबईत घेतलं, तर प्रत्येक चित्र समुद्र ओलांडून येणार. अशा कामात मशीन माणसाजवळ असण्यापेक्षा डेटाजवळ असणं जास्त मोलाचं, कारण माणसापर्यंत शेवटी फक्त एक नकाशा आणि एक आकडा पोचवायचा असतो.

मागणी आधी लिहून देण्याची ही रीत क्लाउडच्याही आधीपासून महासंगणकांवर चालत आली आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. आज देशातल्या संस्थांमध्ये बसवलेल्या परम यंत्रांवर काम पाठवताना किती कोअर, किती मेमरी आणि किती वेळ हे आधीच लिहावं लागतं. वेळ कमी मागितला, तर मुदत संपताच काम अर्ध्यावर तोडलं जातं. उगाच जास्त मागितला, तर रांगेत ताटकळत बसावं लागतं. मोठ्या कामांच्या मधल्या फटीत लहान कामं पुढे सरकतात.

बरगीचा दहा वर्षांचा चढउतार मोजायचा असेल, तर शेकडो चित्रं लागतील. जुलै-ऑगस्टमधली कित्येक ढगांमुळे बाद होतील. ती सगळी एकदम मेमरीत ओतायची नाहीत. ऑक्टोबरचं एक निरभ्र चित्र लहान मशीनवर चालवायचं, मेमरी कुठवर चढली आणि किती मिनिटं गेली ते टिपून ठेवायचं, आणि बाकीची एकामागून एक घेत प्रत्येकाचं उत्तर लगेच डिस्कवर उतरवत जायचं. मग मध्येच सेशन तुटलं, तरी पुढच्या वेळी शेवटच्या उतरवलेल्या तारखेपासून पुढे चालू करता येतं.