बैल उधळण्याआधीचा आवाज

रोडिओच्या, म्हणजे उधळत्या जनावरांवर स्वारी करण्याच्या अमेरिकी खेळाच्या, निवेदकाचं खरं काम बैल मैदानात येण्याआधी असतं. लोखंडी फाटकामागे स्वार बैलाच्या पाठीवर बसून दोर आवळत असतो. बैल कधी आतच बसकण मारतो, कधी दोर पुन्हा बांधावा लागतो. प्रेक्षकांना यातलं फारसं काही दिसत नाही. तेवढा वेळ निवेदकाचा. पोरगा कुठल्या गावचा, गेल्या आठवड्यात कुठे जिंकला, हा बैल डावीकडे फिरतो की उजवीकडे, हे तो सांगत राहतो. फाटक उघडलं की त्याने बाजूला व्हायचं. पुढचे आठ सेकंद स्वाराचे आणि बैलाचे.

मी सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते. मुलगी डेन्व्हरला राहते. तिथे दर जानेवारीत नॅशनल वेस्टर्न स्टॉक शो हा जनावरांचा मेळा भरतो, १९०६ पासूनचा. जनावरं बघायला म्हणून गेले आणि माझे कान लागले ते तिथल्या रोडिओतल्या माईकवरच्या माणसाकडे. कुठे थांबायचं हे त्याला किती नेमकं कळत होतं!

आठ सेकंद टिकायचं, तेही एका हाताने धरून. मोकळा हात बैलाला लागला की स्वार बाद. शंभरातले पन्नास गुण स्वाराचे आणि पन्नास बैलाचे. बैल गरीब निघाला तर चांगल्या स्वाराचंही नुकसान. म्हणून निवेदक बैलाचंही मनापासून कौतुक करतो. मला ते फार आवडलं.

सुरुवातीच्या काळात निवेदकाला हातात कर्णा घेऊन ओरडावं लागे. फॉगहॉर्न क्लॅन्सी या टोपणनावाने गाजलेला निवेदक त्या पिढीतला. पण या कामाला खरी प्रतिष्ठा दिली ती साय टेलन यांनी. त्या वेळी काउबॉय म्हणजे भटका, दारू पिऊन मारामाऱ्या करणारा, असाच बऱ्याच लोकांचा समज. बक्षिसाच्या रकमा तुटपुंज्या म्हणून १९३६ साली बॉस्टनमध्ये या स्वारांनी संप केला आणि आपली संघटना उभारली. टेलन मात्र माईकवरून लढले. उत्तम शिवलेला सूट, भारदस्त आवाज, नेटकी भाषा. स्वाराचा उल्लेख ते कसलेला खेळाडू म्हणूनच करत. ऐकता ऐकता प्रेक्षकही तसंच बघू लागले. आवाजाने एवढं होऊ शकतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

या फिरतीच्या कामाची किंमत टेलन यांच्या घरच्यांनीही मोजली. त्यांची मुलगी सायरा मॅकफॅडन यांनी १९८६ मध्ये ‘रेन ऑर शाइन’ हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. एका गावच्या रोडिओहून दुसऱ्या गावच्या रोडिओला जाताना पॅकार्ड गाडीतच गेलेलं बालपण त्यात आहे, आणि आईवडिलांचा मोडलेला संसारही.

आजही हा धंदा फिरतीचाच. निवेदकाला पगार नसतो. प्रत्येक गावची रोडिओ समिती त्याच्याशी वेगळा करार करते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, इतके रोडिओ असतात की झोपायलाही सवड नाही. डिसेंबरात लास व्हेगासला दहा रात्रींची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा होते. तिथे माईक मिळणं हा मोठा मान. नेब्रास्काचे हॅडली बॅरेट शेतीवाडी सांभाळत, स्वतःचा वाद्यवृंद चालवत या क्षेत्रात आले आणि २०१७ मध्ये, ८७ व्या वर्षी वारले, तोवर त्यांनी माईक सोडला नव्हता.

आता रोडिओसाठी वेगळी टीव्ही वाहिनी आहे. पडद्यावरच्या समालोचकाचं काम निराळं. त्याच्या मदतीला संथ गतीतलं दृश्य असतं, जोडीला एखादा जुना विजेता. मैदानातल्या निवेदकाला मात्र समोर बसलेली हजारो माणसं सांभाळायची असतात. स्वार पडून उठलाच नाही, तर लोकांना न घाबरवता, खोटं न बोलता, डॉक्टर पोचेपर्यंत धीर द्यायचा असतो. माझ्या मते सगळ्यात कठीण परीक्षा हीच.

आणि उठला, तरी हाती काय? स्वार प्रवेश फी स्वतःच्या खिशातून भरतो. प्रवासखर्च त्याचाच. आठव्या सेकंदाआधी पडला की गुण शून्य, पैसेही शून्य. अशा वेळी निवेदक लोकांना सांगतो, की आज या पोराला घरी न्यायला तुमच्या टाळ्यांशिवाय काही मिळणार नाही. रोडिओत हे वाक्य जुनंच आहे, कित्येकांनी वापरलेलं. डेन्व्हरला ते मी ऐकलं तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं होतं, आणि मीही.