ट्रॉलीच्या लाईटला परतीची वायर हवी

गळीत हंगाम सुरू झाला की लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि त्यातल्या कितीतरींच्या मागे लाल दिवा नसतो, किंवा असूनही लागत नाही. मग कोणी ड्रायव्हरला बेफिकीर ठरवतो, कोणी बल्ब बदलतो. नवा बल्ब दोन खेपा चालतो आणि पुन्हा लुकलुकायला लागतो. असा पुन्हापुन्हा येणारा बिघाड बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतो, करंट परत नेणाऱ्या मार्गात असतो. आपण जाणारी वायर तपासतो, येणारी तपासत नाही.

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते. त्यामुळे बल्बपर्यंत एकच वायर नेऊन परतीचे काम लोखंडावर सोडण्याची पद्धत पडली. ट्रॅक्टरपुरते ते ठीक आहे. ट्रॉलीला मात्र हा 'अर्थ' हुकाच्या पिनेतून मिळतो आणि मागच्या ट्रॉलीला तर दोन पिनांमधून. तिथे ग्रीस, गंज आणि चिखल असतो, शिवाय पिन आपल्या भोकात हलत असते. ब्रेक दाबला की ट्रॉली पुढे रेटते, ओढ सैल पडते आणि पिनेचा संपर्क नेमका त्याच वेळी बिघडू शकतो. या वाटेत फक्त १ ओहम अडथळा आला तरी काय होते, याचा हिशेब सोपा आहे. ५ वॉटच्या दोन टेल लाईट मिळून एक अँपिअरही घेत नाहीत, त्यामुळे त्यांचा उजेड पाचव्या हिश्शाने घटतो आणि बघणाऱ्याला सगळे ठीक वाटते. २१ वॉटच्या दोन ब्रेक लाईट लागल्या की त्याच अडथळ्यावर पावणेतीन व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. व्होल्टेज थोडे उतरले तरी फिलॅमेंटचा उजेड फार उतरतो, त्यामुळे ब्रेक लाईट निम्म्याहूनही मंद होते. म्हणजे मागच्याला सावध करायची वेळ येते तेव्हाच दिवा दगा देतो.

दोष अर्थचा आहे हे लक्षणांवरूनही कळते. डावा इंडिकेटर दिला की उजवी टेल लाईट मिचकते, किंवा ब्रेक दाबला की टेल लाईट उजळण्याऐवजी विझू लागते. अशा वेळी करंटला परतीची सरळ वाट सापडलेली नसते, म्हणून तो शेजारच्या फिलॅमेंटमधून उलटा फिरून दुसऱ्या दिव्याच्या अर्थपर्यंत पोचतो. खात्री करायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी, लाल पिन दिव्याच्या होल्डरच्या बॉडीला लावावी आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला की परतीचा मार्ग खराब. मग लाल पिन ट्रॉलीच्या सांगाड्यावर, हुकावर, ट्रॅक्टरच्या चेसिसवर सरकवत न्यावी. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष असतो. लाईट बंद ठेवून ओहम मोजले तर फसगत होते, कारण तुटत आलेल्या वायरची एक तार शिल्लक असली तरी मीटर जोड चांगला दाखवतो, पण तीच तार ब्रेक लाईटचा भार पेलत नाही.

लोखंडाला लोखंड टेकलेले असताना वेगळी वायर कशाला, असे कोणी विचारेल. हुक ओझे ओढण्यासाठी असतो, करंट वाहण्यासाठी नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे. सात पिनांच्या प्रमाणित सॉकेटमध्ये तिसरी पिन अर्थसाठीच राखलेली आहे. आपल्याकडे बहुधा ती रिकामी राहते किंवा सॉकेटच नसते. रेडियम लावले की भागते, हा दुसरा आक्षेप. मागच्या गाडीचा उजेड पडेल तेव्हाच रेडियम चमकते आणि ट्रॉलीने ब्रेक मारल्याचे ते सांगत नाही. मोटार वाहन नियमांतही रिफ्लेक्टर आणि लाल दिवा या वेगळ्या अटी आहेत. एलईडी करंट कमी खाते, त्यामुळे खराब अर्थवरही ती काही दिवस निभावते, पण जोड पुरता तुटला की तीही विझते. ट्रॉल्या बदलतात, वायर तुटते, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सगळ्या ट्रॉल्यांना एकसारखे सॉकेट आणि हुकाजवळ वळणापुरती सैल सोडलेली वायर.

दुरुस्ती साधी आहे. प्रत्येक होल्डरपासून सॉकेटपर्यंत आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर न्यावी. दोन ट्रॉल्या असतील तर त्याहून जाड घ्यावी. जोडाच्या जागी रंग खरवडून थिंबल नट-बोल्टने आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात, तेव्हाच कारखान्यांनी ही वायर करारात घालावी. गव्हाणीचा नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर यार्डात तासन्‌तास उभे असतात. ब्रेक दाबून मीटर लावायला त्यातली पाच मिनिटे पुरतात, आणि रेडियमच्या पट्टीइतकाच या मीटरच्या आकड्याचा आग्रह धरायला हवा.