शीत कोणी उचललं?

लेखमाला : पडदा आणि मतदार – भाग 4

भात शिजला का, हे बघायला आई पातेल्यावरचं झाकण सरकवते, एक शीत उचलते आणि दोन बोटांत चेपते. कणी लागली नाही की गॅस बंद. सगळं पातेलं तपासावं लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण ही परीक्षा खरी ठरायला दोन गोष्टी लागतात. भात वरपासून तळापर्यंत सारखा शिजलेला हवा आणि शीत उचलणारा हात आपला हवा. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या फोनवर येऊन पडणारा 30 सेकंदांचा व्हिडिओ हेही एक शीतच असतं. ते आपण उचललेलं नसतं. कुणीतरी पातेल्यातून निवडून आपल्या बोटांत ठेवलेलं असतं, आणि आपण त्यावरून अख्ख्या माणसाची परीक्षा करून मोकळे होतो.

मागच्या भागात आपण 26 सप्टेंबर 1960 ची केनेडी-निक्सन चर्चा पाहिली. तिथे कॅमेरे दूरचित्रवाणी कंपन्यांचे होते, दोघांना वेळ सारखा होता आणि लोकांनी चर्चा सलग पाहिली होती. आज पुढे जाऊ. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आणि त्या सलग तासाचे तुकडे झाले, तेव्हा उमेदवाराच्या प्रतिमेचं काय झालं?

व्हर्जिनियातला एक शब्द

ऑगस्ट 2006. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सिनेटची निवडणूक होती. विद्यमान रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन यांची जागा पक्की मानली जात होती. 2008 च्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचं नाव घेतलं जात होतं. त्यांच्या सभांना प्रतिस्पर्धी जिम वेब यांच्या प्रचारातला एक विद्यार्थी कॅमेरा घेऊन हजर राहायचा. विरोधकाचं प्रत्येक भाषण टिपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. अमेरिकेच्या प्रचारात अशा मुलांना ‘ट्रॅकर’ म्हणतात. हा मुलगा भारतीय वंशाचा होता आणि त्याचा जन्म व्हर्जिनियातलाच.

एका सभेत ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला दोनदा ‘मकाका’ म्हटलं आणि अमेरिकेत तुझं स्वागत आहे, असंही वर ऐकवलं. मकाका हे माकडांच्या एका गटाचं नाव आहे, आणि काही ठिकाणी ते वर्णद्वेषी शिवी म्हणून वापरलं जातं. गर्दी हसली. पूर्वी हा प्रसंग तिथेच विरून गेला असता. पण यूट्यूब सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तो तुकडा तिथे चढला आणि देशभर पाहिला गेला. नोव्हेंबरमध्ये 23 लाखांहून अधिक मतांच्या लढतीत ॲलन सुमारे नऊ हजार मतांनी हरले, आणि सिनेटमधलं बहुमतही डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं.

एका शब्दाने निवडणूक गेली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. इराक युद्धामुळे त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाविरुद्ध वारं होतं. शिवाय गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्याबद्दल ॲलन यांना असलेल्या ओढीची चर्चा त्या तुकड्याच्या आधीच सुरू झाली होती. लोकांच्या मनात शंका होतीच, व्हिडिओने तिला पुरावा दिला. एरवी जीभ घसरण्याचे कितीतरी तुकडे फिरतात आणि दोन दिवसांत विसरले जातात. हा टिकला, कारण त्याला बसायला जागा आधीच तयार होती. प्रचारातल्या व्हिडिओचा पहिला नियम मला इथे दिसतो : तो मनात नवं चित्र क्वचितच काढतो, आधीच्या अंधूक चित्राच्या रेषा ठळक करतो.

‘लाव रे तो व्हिडिओ’

आता आपल्याकडे येऊ. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा एकही उमेदवार नव्हता. तरीही राज ठाकरे यांनी नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, पुणे अशा ठिकाणी सभा घेतल्या. मंचावर मोठा पडदा. नरेंद्र मोदी यांचं जुनं भाषण, सरकारी जाहिरात, एखादी बातमी अशी एकेक गोष्ट ते काढायचे आणि मग यंत्रावर बसलेल्या कार्यकर्त्याला हाक द्यायचे, ‘लाव रे तो व्हिडिओ’. प्रचाराच्या त्या दिवसांत हे वाक्य घराघरांत, कट्ट्याकट्ट्यावर बोललं जात होतं.

यात एक मोठी गोष्ट घडली होती. एरवी सभा होते आणि तिचे तुकडे फोनवर जातात. इथे फोनवरचे तुकडेच एकत्र बांधून त्यांची सभा केली होती. वक्ता पुरावा मांडणाऱ्या वकिलासारखा उभा राहिला आणि श्रोते न्यायाधीश झाले. आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ही भावना कानावर पडलेल्या आरोपापेक्षा फार बळकट असते.

त्यातलं हरिसालचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातलं हे आदिवासी गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजवलं गेलं होतं. सरकारच्या जाहिरातीत तिथला एक तरुण लाभार्थी म्हणून दिसत होता. सोलापूरच्या सभेत राज ठाकरे यांनी ती जाहिरात दाखवली आणि त्याच तरुणाला मंचावर आणलं. कामाच्या शोधात त्याला गाव सोडावं लागलं होतं. मैदानात एकच गलका झाला. सत्ताधाऱ्यांनी पुढे व्हिडिओनेच उत्तर दिलं आणि हरिसालवरून दोन्हीकडून तुकडे फिरत राहिले.

हरिसालचं खरं काय, हे मात्र त्या पडद्यांवरून कळणं शक्यच नव्हतं. जाहिरातीतला तरुण हे एक शीत होतं आणि मंचावर आलेला तोच तरुण हे दुसरं. गावात नेट किती तास चालतं, दवाखान्यातली यंत्रणा कितीजण वापरतात, शाळेला काय मिळालं, किती घरांतली माणसं कामासाठी बाहेर आहेत, हा झाला भात. तो बघायला मेळघाटात जाऊन चार दिवस राहावं लागतं. जाहिरातीचा फोलपणा दाखवणं हे विरोधकाचं कामच आहे आणि त्या सभांनी ते जोरदार केलं. पण एक शीत खोटं ठरलं म्हणून दुसरं शीत म्हणजेच पूर्ण भात, असं होत नाही.

निकाल 23 मे रोजी लागला. राज्यातल्या 48 जागांपैकी भाजपला 23 आणि शिवसेनेला 18, म्हणजे युतीला 41 जागा मिळाल्या. नांदेडमध्ये अशोक चव्हाण, सोलापुरात सुशीलकुमार शिंदे आणि इचलकरंजी ज्या मतदारसंघात येते त्या हातकणंगल्यात राजू शेट्टी पराभूत झाले. पुणेही भाजपकडे राहिलं. सभा ऐकायला लोक आले, हसले, टाळ्या वाजवल्या आणि मत दुसरीकडे दिलं.

का? माझ्या मते व्हिडिओने एक चित्र खरवडलं, पण त्या जागी दुसरं चित्र ठेवलं नाही. मैदानातून घरी जाणाऱ्या माणसाला मोदी नकोत तर कोण, याचं उत्तर पडद्यावर नव्हतं आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा उमेदवारही नव्हता. देशाच्या सुरक्षेचं आणि खंबीर नेतृत्वाचं जे चित्र त्या वेळी अनेक मतदारांच्या मनात होतं, ते जुन्या भाषणांच्या तुकड्यांनी पुसलं गेलं नाही.

आणि तुकडा कुणा एकाचा होऊन राहत नाही. 2024 च्या गुढीपाडव्याला राज ठाकरे यांनी महायुतीला बिनशर्त पाठिंबा जाहीर केला, तेव्हा 2019 च्या त्याच सभांचे तुकडे पुन्हा फोनवर फिरू लागले.

साताऱ्याचा पाऊस

2019 मध्येच, त्या सभांनंतर सहा महिन्यांनी, उलटं घडलं. उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि विधानसभेबरोबरच तिथे लोकसभेची पोटनिवडणूक लागली. राष्ट्रवादीतून एकामागून एक नेते बाहेर पडत होते. शरद पवार तेव्हा 78 वर्षांचे होते. समोर पैलवानच दिसत नाही, असं सत्ताधारी सभांमधून सांगत होते.

18 ऑक्टोबरला संध्याकाळी साताऱ्यात सभा सुरू असताना पाऊस आला. पवार भाषणाला उभे राहिले आणि छत्रीविना बोलत राहिले. सदरा अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावरून पाणी ओघळतंय, हातात माइक, समोर डोक्यावर खुर्च्या धरून उभी असलेली माणसं. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी त्या भाषणात दिली. राजकारणात अशी कबुली दुर्मीळ. तरी आज दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना पाऊस आठवेल, कबुली आठवणार नाही.

आता वेळ पाहा. मतदान 21 तारखेला होतं आणि जाहीर प्रचार 19 तारखेच्या संध्याकाळी संपणार होता. म्हणजे हा तुकडा फोनवर पोहोचला तेव्हा विरोधकांकडे उत्तराला एक दिवस उरला होता. भोंगे बंद झाले, व्हॉट्सॲप चालूच राहिलं. निकालात श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजेंना सुमारे 87 हजार मतांनी हरवलं. राष्ट्रवादीच्या विधानसभेतल्या जागा 2014 च्या 41 वरून 54 झाल्या.

हे पावसाने केलं का? ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर येऊन गेला होता, शेतीचं दुखणं होतं, सहा महिन्यांपूर्वी दिलेलं मत वाऱ्यावर सोडल्याचा राग साताऱ्यात होता. पावसातल्या त्या चित्राने या सगळ्याला एक चेहरा दिला. सगळे सोडून गेले तरी हा म्हातारा पावसात उभा आहे, हे सांगायला भाषण लागलंच नाही. ॲलन यांच्या बाबतीत मनातली शंका ठळक झाली होती, इथे मनातली सहानुभूती ठळक झाली. नियम तोच.

तीस सेकंदांची शिवण

पाऊस कुणी ठरवून पाडला नव्हता. म्हणूनच तो लोकांना भिडला, आणि म्हणूनच तेव्हापासून ‘न ठरवलेलं वाटेल’ असं ठरवून करण्याची धडपड वाढली आहे. गावोगाव लग्नाचं शूटिंग करणारी मुलं निवडणुकीत उमेदवाराबरोबर फिरतात. त्यांच्या हातातून निघालेल्या साध्या रीलची शिवण उसवून पाहू.

ड्रोन वरून खाली येतो. पांढऱ्या गाडीचं दार उघडतं आणि आधी फक्त पाय दिसतो. लग्नातल्या नवरदेवाच्या एन्ट्रीसारखीच ही एन्ट्री. मग वेग कमी केलेली चाल. एक आजी ओवाळते, उमेदवार वाकून पाया पडतो. पोराच्या खांद्यावर हात. शेवटी चिन्ह आणि बटणाचा क्रमांक. कॅमेरा कमरेच्या खाली धरला की माणूस उंच दिसतो. चौकट आवळली की दोनशे माणसं मैदानभर वाटतात. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी मोठी अक्षरं खाली असतात. उमेदवार तीस सेकंदांत एक शब्दही बोलत नाही. पाणी, रस्ता, शाळा यांबद्दल तो काय करणार, हे विचारायला जागाच ठेवलेली नसते. आजीच्या डोळ्यातलं पाणी खरं असेलही. पण ती ओवाळणी किती वेळा झाली, ते आपल्याला दिसत नाही.

कायद्याचं कुंपण

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2013 मध्ये समाजमाध्यमांसाठी सूचना काढल्या. उमेदवाराने आपली खाती प्रतिज्ञापत्रात सांगायची, जाहिरात आधी एमसीएमसी नावाच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यायची आणि तिचा खर्च हिशेबात धरायचा. मोठ्या राज्यांत 2022 पासून उमेदवाराची एकूण खर्चमर्यादा लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख रुपये आहे. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत प्रचाराला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 ची बंदी आहे. मे 2024 मध्ये आयोगाने पक्षांना बजावलं, की बनावट मजकूर लक्षात आल्यावर तीन तासांत काढून टाका.

कुंपण आहे, पण त्याला मोठी फट आहे. स्वतःच्या खात्यावर टाकलेला साधा व्हिडिओ जाहिरात मानला जात नाही, त्यामुळे त्याला प्रमाणपत्र लागत नाही. ‘दादा समर्थक’ किंवा ‘ताई फॅन्स’ नावाचं पान कोण चालवतं, त्याचे पैसे कोण देतं, हे शोधणं तर फारच कठीण. पाच वर्षांचा निर्णय आपण अशा निनावी हाताने दिलेल्या शितावर घ्यावा, याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून पुढच्या वेळी असा तुकडा आला की पुढे पाठवण्याआधी थांबा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य काय होतं ते पाहा. पूर्ण भाषण बहुतेक वेळा यूट्यूबवर सापडतं. हा तुकडा नेमका आज का आला आणि कुणाच्या पानावरून आला, हे विचारा. मग एकदा झाकण स्वतः उघडा : उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुलं असतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सारं तिथे असतं. ते वाचायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आपण तीस रील पाहतो.

आजचे सगळे तुकडे निदान खरे होते. ॲलन ते शब्द बोलले होते, हरिसालचा तरुण हाडामांसाचा होता, साताऱ्यात पाऊस पडला होता. एप्रिल 2025 मध्ये नाशिकला शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या शिबिरात मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेलं बाळासाहेब ठाकरे यांचं ‘भाषण’ ऐकवण्यात आलं. बाळासाहेबांचं निधन 2012 मध्ये झालं. पुढच्या भागात अशा व्हिडिओ-आवाजांकडे वळू, जिथे शीत हातात येतं, पण त्याचं पातेलं कधी चुलीवर चढलेलंच नसतं.